एकच विषय, तीन बैठका : कोणापुढे काय ठेवायचं?

प्रश्न : मी नागपूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. संत्रा बागेतला डिंक्या रोग (खोडातून डिंक वाहतो तो) आणि त्यावरचे उपाय या विषयावर मी ४२ स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार केलंय. काटोल तालुक्यातल्या एका गावात ते दाखवलं. विसाव्या स्लाइडपर्यंत निम्मे लोक बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले होते. एका काकांनी मधेच विचारलं, "सारं बराबर हाय पोरी, पन कराचं काय?" आता पुढे तीन बैठका आहेत. मे महिन्यात दुसऱ्या एका गावात शेतकऱ्यांपुढे, नंतर नागपूरच्या सदर भागातल्या एका बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे (पाण्याचा निचरा आणि ठिबक यांसाठी सभासदांना कर्ज हवंय), आणि शेवटी अमरावती रोडवरच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांपुढे. आमचे साहेब म्हणतात, भाषा सोपी कर म्हणजे झालं. तीन वेगळी प्रेझेंटेशन करू का, की एकच थोडं थोडं बदलू? स्लाइडची यादी सोबत पाठवते. – र. से., नागपूर

उत्तर :

ताई, भाषा सोपी करून हे सुटणार नाही. यादी पाहिली. पहिल्या ९ स्लाइड संत्र्याचं महत्त्व, लागवडीखालचं क्षेत्र आणि २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन यांच्या. पुढच्या १२ रोगाच्या आणि जमिनीतल्या बुरशीच्या जीवनचक्राच्या. मग तुमच्या प्रात्यक्षिक बागांचे आकडे, आणि उपाय थेट ३४व्या स्लाइडला. काटोलच्या माणसाला संत्र्याचं महत्त्व सांगायला तुम्ही नऊ स्लाइड घेतल्या. ज्याच्या खोडातून डिंक वाहतोय त्याला डिंक्या कसा दिसतो हेही सांगायची गरज नव्हती. तुमची भाषा सगळ्यांना कळत होती. जे आधीपासून ठाऊक होतं तेच ऐकावं लागल्यामुळे लोक उठले.

प्रेझेंटेशन श्रोत्यांसारखं करायचं म्हटलं की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात : शब्द बदलतात आणि स्लाइड कमी-जास्त करतात. खरं तर क्रम बदलावा लागतो, आणि क्रम ठरतो एका प्रश्नावरून : ही माणसं खुर्चीवरून उठल्यावर काय ठरवणार आहेत? संगणक उघडण्याआधी प्रत्येक बैठकीसाठी याचं उत्तर एका वाक्यात कागदावर लिहा. शेतकऱ्यांसाठी : "पाऊस लागायच्या आत खोडाला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायचं आणि पाणी खोडापासून दूर न्यायचं." बँकेसाठी : "एकरी इतकं कर्ज, इतक्या वर्षांसाठी, हप्ता अमुक महिन्यात, अशी शिफारस वर पाठवायची." शास्त्रज्ञांसाठी : "या प्रात्यक्षिकांवरून काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही, आणि पुढच्या हंगामात काय मोजायचं." हे वाक्य ज्या स्लाइडमुळे पुढे सरकत नाही ती त्या बैठकीपुरती बाजूला काढा, मग ती कितीही मेहनतीने केलेली असो.

वाक्य लिहिताच येत नसेल तर श्रोत्यांची माहिती कमी पडतेय. तेव्हा बोलावणाऱ्याला फोन करा आणि विचारा : नक्की कोण कोण येणार, त्यांतला निर्णय कोणाचा, या विषयावर त्यांनी आधी काय ऐकलंय, मागच्या वेळी कशावरून वाद झाला, आणि प्रश्नांसकट वेळ किती. "कशावरून वाद झाला" हा प्रश्न अजिबात सोडू नका. गावात मागच्या वर्षी कोणी मलम लावूनही झाडं गेली असतील, तर तुमच्या पहिल्या वाक्यालाच ते झाड आडवं येणार.

आता गावाची बैठक. मे महिन्यात दुपारी सभागृहात पडदा लावण्यात अर्थ नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या तर चित्र दिसत नाही, लावल्या तर माणसं बसत नाहीत, आणि वीज जाण्याची टांगती तलवार आहेच. आमचं मत स्पष्ट आहे : या बैठकीत प्रोजेक्टर नेऊच नका. सकाळी सातला एखाद्या बागेत जमा आणि मलम तयार करून दाखवा. सोबत ४ बाय ३ फुटांचे तीन फ्लेक्स पुरेत. एकावर निरोगी आणि डिंक आलेलं खोड शेजारी शेजारी, दुसऱ्यावर मलमाचं प्रमाण, तिसऱ्यावर दुहेरी आळ्याचं (पाणी खोडाला लागू नये म्हणून केलेल्या) आणि पाणी काढून देणाऱ्या चराचं चित्र. ते नंतर ग्रामपंचायतीत टांगता येतात. पेनड्राइव्ह टांगता येत नाही.

मलमाचं प्रमाण १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवायचं, चुना दुसऱ्या बादलीत ५ लिटर पाण्यात भिजवायचा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काडीने ढवळायचं. लोखंडी भांडं चालत नाही. प्रात्यक्षिकं फसतात ती बहुधा इथेच, कारण मोरचुदाचे खडे पंधरा मिनिटांत विरघळत नाहीत. ते आदल्या रात्रीच भिजत घालायला सांगा, नाहीतर पन्नास माणसं बादलीकडे बघत उभी राहतील आणि तुम्हाला पुन्हा संत्र्याचं महत्त्व सांगावं लागेल! तयार मलमात घासून स्वच्छ केलेला विळा बुडवून दाखवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घालायचा. ही चाचणी प्रत्येकाच्या लक्षात राहते, कारण ती डोळ्यांसमोर होते आणि घरी जाऊन करता येते. डिंक आलेल्या झाडाची रोगट साल चाकूने खरवडून, १ टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने जागा पुसून मगच मलम लावायचं, हेही एका झाडावर करून दाखवा. मलम जमिनीपासून कंबरेपर्यंत, म्हणजे तीन फुटांपर्यंत, आणि वर्षातून दोनदा : पावसाळ्याआधी एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा.

तिथे कोणाला बोलवायचं हाही बैठकीच्या तयारीचा भाग आहे. सभेला येतो मालक, मलम कालवतो सालदार. मालकाने ऐकलेलं प्रमाण सालदारापर्यंत पोचताना "थोडं मोरचूद, थोडा चुना" होऊन जातं. म्हणून निरोप देतानाच सांगा की सालदारांनाही आणा, आणि ढवळायची काडी त्यांच्यापैकीच कोणाच्या हातात द्या. गावातल्या कृषी केंद्रवाल्यांनाही बोलवा. तुम्ही सांगितलेलं सामान दुसऱ्या दिवशी दुकानात नसेल तर लोक मिळेल ती बाटली घेऊन घरी जातात.

गावात येणारे प्रश्न आधीच मोजून ठेवा : एका बादलीत किती झाडं होतात, एका माणसाची दिवसाला किती होतात, एकरी खर्च किती. ही उत्तरं पुस्तकात शोधू नका. तुमच्याच एखाद्या सभासदाच्या बागेत एक बादली लावून बघा, कारण झाडाच्या वयानुसार खोडाची जाडी बदलते आणि हिशेबही बदलतो. सांगताना झाडाचं वयही सांगा.

बँकेत सगळं उलटं. तिथे मलमाचा फोटो एकही नको. रोगाबद्दल एकच स्लाइड : भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, खोड आणि मुळं सडतात, फळावर आलेलं झाड जातं आणि त्या जागी नवं लावलं तर पाच-सहा वर्षं उत्पन्न नाही. हे शेवटचं वाक्य बँकेचं आहे; उरलेलं कृषी विभागाचं. त्यानंतर लगेच पैसे. एकरी खर्च किती (चर खोदणं, खोडाच्या दोन्ही बाजूंनी ठिबकच्या नळ्या, मजुरी), त्यातलं अनुदान किती, शेतकऱ्याचा वाटा किती, कर्ज किती. प्रत्येक आकड्याच्या मागे कोटेशन असू द्या.

पुढची स्लाइड या बैठकीत सर्वांत जास्त कामाची, आणि तुमच्या ४२ मध्ये ती नाहीच : बारा महिन्यांची पट्टी. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम, दोन. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळं ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं जून-जुलैत आणि फळं फेब्रुवारी ते एप्रिल. पट्टीवर पैसा हातात येतो ते महिने एका रंगात आणि खर्चाचे महिने दुसऱ्या रंगात भरा. मग हप्ता कुठे बसतो ते अधिकाऱ्यांना न सांगता दिसतं : आंबियावाल्याचा जानेवारीच्या सुमारास, मृगवाल्याचा मेपर्यंत. हप्त्याची तारीख चुकीच्या महिन्यात पडली की चांगला शेतकरीही थकबाकीदार दिसतो, आणि शाखेला त्याचीच धास्ती असते.

त्याच्या पुढे वाईट वर्षाचा तक्ता ठेवा. तीन रकाने : नेहमीचा भाव, पडलेला भाव, आणि भाव पडला असताना माल निम्माच. प्रत्येक रकान्याखाली हप्ता भागतो की नाही ते लिहा. तिसऱ्या रकान्यात भागत नसेल तर तसंच लिहा, आणि खाली त्या वर्षी काय करणार तेही. सगळ्या रकान्यांत नफा दाखवणारा तक्ता पाहिला की कर्ज अधिकारी बाकीच्या आकड्यांवरही संशय घेतो, आणि तो चुकत नाही.

दोन प्रश्न हमखास येतील. पहिला विम्याचा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत संत्र्याचे दोन्ही बहार आहेत, पण ती योजना पाऊस-तापमानासारख्या हवामानाच्या धोक्यांसाठी आहे. डिंक्याने मेलेल्या झाडाचे पैसे त्यातून मिळतील असं सुचवूही नका. दुसरा प्रश्न फळगळीचा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या फळगळीच्या बातम्या नागपुरात राहणारा प्रत्येक अधिकारी वाचतो. फळगळ पाण्याच्या ताणाने होते, अन्नद्रव्यांच्या कमतरतेने होते, रस शोषणाऱ्या पतंगाने होते, बुरशीनेही होते. निचरा सुधारल्याने यांतलं एखादंच कारण कमी होतं. "फळगळ थांबेल" असं वाक्य तुमच्या तोंडून गेलं तर पुढच्या हंगामात तेच तुमच्यासमोर ठेवलं जाईल.

समोर बसलेला अधिकारी बहुधा शिफारस करणारा असतो. मंजुरी वरच्या कार्यालयातून येते. म्हणजे ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने तुम्हाला ऐकलेलंच नसतं. म्हणून स्लाइडपेक्षा दोन पानांचं टिपण जास्त महत्त्वाचं. पहिल्या पानावर मागणी, रक्कम, मुदत, हप्त्याचे महिने. दुसऱ्यावर वाईट वर्षाचा तक्ता. तुम्ही शेजारी नसताना ते वाचून कळलं पाहिजे. ते दोन दिवस आधी पोचवा. वीस मिनिटांची वेळ असेल तर बारा मिनिटांत बोलणं संपवा आणि आठ स्लाइडच्या वर जाऊ नका. बँकेत प्रश्नांची वेळ हीच खरी बैठक असते.

शास्त्रज्ञांपुढे जाताना लोक सजावट वाढवतात आणि विषयाची ओळख लांबवतात. दोन्ही नको. त्यांना रोग शिकवायचा नाही. पहिल्या २१ स्लाइड पूर्ण बाद. दुसऱ्याच स्लाइडवर सांगा : किती बागा, प्रत्येकीत किती झाडं, झाडांचं वय, खुंट (ज्यावर संत्र्याचं कलम बांधलं ते झाड) जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, जमिनीची खोली, बहार कोणता, आणि उपाय न केलेली झाडं त्याच बागेत होती की शेजारच्या. तुलनेची झाडं दुसऱ्या बागेतली असतील तर फरक निचऱ्याचा की जमिनीचा, हे सांगता येणार नाही. कोणी दाखवून देण्याआधी ते स्वतःच म्हणा. रोग ओळखला कसा तेही सांगा. खोडातून डिंक येण्याचं कारण दर वेळी फायटोफ्थोरा, म्हणजे डिंक्याची ती जमिनीतली बुरशीच असतं असं नाही. इजा झाली किंवा किडीने साल पोखरली तरी डिंक येतो. माती-मुळांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले नसतील तर स्लाइडवर "डिंकाची लक्षणं असलेली झाडं" असं लिहा, "फायटोफ्थोराग्रस्त" लिहू नका. सरासरीच्या शेजारी आकड्यांचा पसारा, म्हणजे कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती, तोही दाखवा. शेवटची स्लाइड "धन्यवाद"ची नको. तिथे तुम्हाला त्यांच्याकडून हवा असलेला एक नेमका प्रश्न लिहा, आणि चर्चा होईपर्यंत ती पडद्यावर राहू द्या. भाषेचं आधीच विचारून घ्या. अशा संस्थांमध्ये देशभरातली माणसं असतात, त्यामुळे स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं हिंदी-इंग्रजीत करावं लागू शकतं.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र बदलायची नाही : आकडा. बदलायचं ते त्याचं माप. तुमच्या यादीत "हेक्टरी २७७ झाडे" आहे. ६ बाय ६ मीटरवर तो आकडा बरोबर आहे आणि शास्त्रज्ञांना तोच हवा. शेतकऱ्याच्या डोक्यात तीच बाग २० बाय २० फुटांची आणि एकरी साधारण ११० झाडांची असते. बँकेला एकरी रुपये हवेत. टक्क्यांत तर फारच जपा. समजा, शंभर झाडांपैकी २० ना डिंक होता आणि उपायांनंतर तो १४ झाडांवर आला. "रोग ३० टक्क्यांनी घटला" हे गणिताने खरं आहे, "शंभरात सहा झाडं कमी झाली" हेही खरं आहे. पहिलं वाक्य बँकेत आणि दुसरं गावात असं केलंत तर दोन महिन्यांत कोणीतरी ते जुळवून पाहील. तुमचे सभासद त्याच शाखेचे खातेदार आहेत. तिन्हीकडे "वीसवरून चौदावर" असंच म्हणा.

श्रोते मिसळलेले असतील, उदाहरणार्थ गावच्या बैठकीत कृषी विभागाचा आणि बँकेचा माणूसही आला, तर सगळ्यांना थोडं थोडं वाटू नका. निर्णय घेणाऱ्यासाठी बोला आणि इतरांना सांगा की त्यांचे कागद शेवटी मिळतील.

फाइलचं तंत्र आता. तीन वेगळ्या फाइल ठेवल्या की एका फाइलमध्ये दुरुस्त केलेला आकडा दुसरीत जुनाच राहतो. पॉवरपॉइंटमध्ये "कस्टम स्लाइड शो" नावाची सोय आहे. एकाच फाइलमधून बँकेसाठी अमुक आठ आणि शास्त्रज्ञांसाठी तमुक बारा स्लाइड निवडून, क्रम लावून, वेगवेगळ्या नावांनी जपता येतात. घरची मूळ फाइल तशी ठेवा. बाहेर देताना मात्र त्या बैठकीच्याच स्लाइडची पीडीएफ द्या. मूळ फाइल ई-मेलने गेली तर लपवलेल्या स्लाइडही सोबत जातात, आणि बँकेने तुमच्या शास्त्रज्ञांसाठीच्या शंका वाचायचं काही कारण नाही.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफमध्ये फाँट आत बसलेला असतो, म्हणून ती प्रत पेनड्राइव्हवर वेगळी हवी. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर अपुरं पडतं. ते वाढवा आणि अक्षर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मागचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसलेला असेल तर त्याला मजकूर वाचता येणार नाही असं धरा : पडदा ५ फूट उंच, तर शेवटची रांग ३० फुटांवर. तक्त्यात पाचपेक्षा जास्त ओळी असतील तर तो कागदावर द्या.

बोलताना पडद्यावरून लक्ष काढून घ्यायचं असेल तर स्लाइड शो चालू असताना इंग्रजी "बी" हे अक्षर दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की परत येतो. कोणी मागच्या तक्त्याबद्दल विचारलं तर बाणाने एकेक स्लाइड मागे जाऊ नका. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे पोचता. त्यासाठी तुमच्या स्लाइडचे क्रमांक छापून एक कागद हाताशी ठेवा. बँकेच्या सभागृहात एचडीएमआय आहे की जुनं व्हीजीए, ते आदल्या दिवशी विचारा आणि दोन्हींचे जोड पिशवीत टाका.

सुरुवात गावापासून करा, कारण मे जवळ आहे आणि तिथल्या प्रश्नांतून बँकेच्या टिपणासाठी खरे खर्च हाती लागतील. मलम लावताना एकरी किती मजूर लागले, चर खोदायला कोणी किती घेतले, हे त्याच सकाळी वहीत लिहून घ्या. कोटेशन जोडायला तेच नाव-पत्ते उपयोगी पडतील.